टेक्सासहून पेन्सिल्व्हेनियाला: होमस्कूलिंगचे नियम इतके वेगळे का?

चंबूगबाळे
नमस्कार मंडळी. आम्ही सध्या डॅलसजवळ राहतो. मुलगी दहा वर्षांची आहे. तिला तिसरीत असताना मध्येच शाळेतून काढलं, तेव्हापासून घरीच शिकवतेय. (का काढलं यावर वेगळा धागा होईल, इथे नको.) नवऱ्याचं प्रोजेक्ट संपत आलंय, पुढचं फिलाडेल्फियाच्या बाजूला मिळालंय. म्हणजे उन्हाळ्यात बिऱ्हाड हलणार.

टेक्सासमध्ये मला काहीच करावं लागलं नाही. अमुक तारखेपासून मुलीला घरी शिकवणार, एवढी एक ईमेल शाळेला पाठवली, झालं. ना नोंदणी, ना परीक्षा, ना कुणी दारात आलं. आता पेन्सिल्व्हेनियाचं वाचायला बसले तर नोटरी काय, उद्दिष्टांची यादी काय, लसीकरणाचे पुरावे, मुलीच्या कामाच्या नमुन्यांचा पोर्टफोलिओ, तो वर्षाअखेर बघणारा इव्हॅल्यूएटर! देश एकच आहे ना?

तिथे राहणाऱ्यांनी प्लीज सांगा, प्रत्यक्षात किती डोकेदुखी होते? आणि एक माझं मत, पटलं नाही तर भांडा: पालक नीट शिकवणारे असतील तर त्यांना या कागदांची गरज नाही, आणि शिकवणारे नसतील तर ते कागद खोटे भरतील. मग हा सगळा खटाटोप कुणासाठी?

वरणफळ
वाचतेय. 'भांडा' म्हणालात, आता दोनशे प्रतिसाद नक्की.

मोजपट्टी
देश एकच आहे, पण शिक्षण हा राज्यांचा विषय आहे, त्यामुळे पन्नास राज्यांच्या पन्नास तऱ्हा. सगळी मुलं सरकारी शाळेतच गेली पाहिजेत असा कायदा ऑरेगनने केला होता, तो सुप्रीम कोर्टाने १९२५ मध्ये पिअर्स खटल्यात रद्द केला. १९७२ मध्ये योडर खटल्यात अमिश (आधुनिक सोयींपासून दूर राहणारा ख्रिस्ती पंथ) मुलांना आठवीनंतर शाळेतून मोकळीक दिली. पण थेट होमस्कूलिंगवर त्या कोर्टाने कधी निकाल दिलेला नाही. म्हणून प्रत्येक राज्य आपापल्या वाटेने इथवर आलं, कुठे कोर्टाच्या निकालातून, कुठे कायद्यातून.

तुमच्या टेक्सासचा आधार म्हणजे १९९४ चा लीपर खटला. घरची शाळा ही खाजगी शाळाच, असं राज्याच्या सुप्रीम कोर्टाने मान्य केलं. पण त्यालाही अटी आहेत. शिकवणं नावापुरतं नको, अभ्यासक्रम लेखी किंवा दृश्य स्वरूपात हवा आणि त्यात वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित, नागरिकशास्त्र हवं. तेव्हा 'काहीच करावं लागलं नाही' हे पूर्ण खरं नाही. करावं लागतं, फक्त दाखवावं लागत नाही.

चंबूगबाळे
@मोजपट्टी, बरोबर. ते सगळं करतेच मी, पण कुणी मागितलं नाही. माझा आक्षेप त्या मागण्यालाच आहे.

कडकलक्ष्मी
मी सरकारी शाळेत शिकवते, त्यामुळे माझा कल कुठे असणार ते उघड आहे.

मागितलं नाही की काय होतं याचं उदाहरण देते. २०१८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या पेरिस गावात टर्पिन कुटुंबाचं प्रकरण बाहेर आलं. तेरा भावंडं, उपाशी ठेवलेली, काहींना साखळ्यांनी बांधलेलं. त्या घराची राज्याकडे रीतसर खाजगी शाळा म्हणून नोंद होती आणि मुख्याध्यापक होते वडील! कॅलिफोर्नियात दरवर्षी १ ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान एक अ‍ॅफिडेविट ऑनलाइन भरलं की तुमचं घर शाळा होतं. फॉर्म भरला, पण मुलं कुणी पाहिली नाहीत.

२०२५ मध्ये कनेटिकटच्या वॉटरबरीत ३२ वर्षांच्या माणसाने घराला आग लावून स्वतःची सुटका करून घेतली. सावत्र आईने वीस वर्षं कोंडून ठेवल्याचा आरोप आहे (तिला तो मान्य नाही). चौथीत असताना त्याला शाळेतून काढलं होतं, घरी शिकवतो म्हणून.

आमच्याकडे वर्गात मूल सलग चार दिवस एकाच शर्टात आलं तरी आम्ही चौकशी करतो. घरी असलेल्या मुलाची चौकशी कोण करणार? वर्षातून एकदा एका बाहेरच्या माणसाने मुलाला भेटावं, चार प्रश्न विचारावेत, इतकंच माझं म्हणणं आहे. त्यात तुमच्यासारख्यांचं काय बिघडतं?

तिरपा_कोन
@कडकलक्ष्मी, प्रकरणं भयंकर आहेत, वाद नाही. पण त्यांच्या नावाने जे कायदे येतात ते वाचलेत का?

टर्पिननंतर कॅलिफोर्नियात विधेयक आलं, एबी २७५६. मूळ मसुद्यात काय होतं, तर होमस्कूलिंग करणाऱ्या घरांची दरवर्षी अग्निशमन दलाकडून तपासणी. म्हणजे बंब येणार, माझ्या स्वयंपाकघरातला स्मोक अलार्म बघणार, आणि त्यातून कळणार की मुलांचे हाल होत नाहीत! ते कलम लवकरच गळलं. राजधानी सॅक्रामेंटोला सुनावणीच्या दिवशी विरोध नोंदवणाऱ्यांची रांग तासन्‌तास संपेना आणि समितीत विधेयक मतदानाला ठेवा म्हणायलाही कुणी पुढे आलं नाही. तिथेच निकालात.

मी इलिनॉयला आहे. आमच्याकडे १९५० च्या लेव्हिसन खटल्यापासून घरची शाळा ही खाजगी शाळा मानतात, नोंदणीची सक्ती नाही. २०२५ मध्ये एचबी २८२७ आलं. दरवर्षी फॉर्म भरा, मागतील तेव्हा मुलाच्या कामाचा पोर्टफोलिओ दाखवा, आणि फॉर्म नाही भरला तर मूल गैरहजर धरून पुढे पालकांवर फौजदारी गुन्ह्यापर्यंत वेळ येऊ शकते. आमच्याकडे 'विटनेस स्लिप' म्हणून प्रकार आहे. विधेयक समितीपुढे असताना साइटवर जाऊन नाव, पत्ता, बाजूने की विरोधात, एवढं भरायचं. हजारोंनी विरोधात भरल्या. आम्ही मुलांना घेऊन राजधानी स्प्रिंगफील्डला गेलो होतो. विधानभवनाचे सगळे मजले माणसांनी भरलेले, कठड्याला टेकून पोरं गणिताच्या वह्या सोडवतायत, कुणाची आई जिन्यावर सँडविच वाटतेय. मार्चमध्ये समितीत ८ विरुद्ध ४ ने पास झालं, पण मे अखेर अधिवेशन संपलं तरी सभागृहात मतदानाला आलंच नाही.

कडकलक्ष्मी
म्हणजे गर्दी जमवली म्हणून कायदा थांबला. तो चुकीचा होता म्हणून नाही.

तिरपा_कोन
ज्यांच्यावर कायदा लागू होणार ते बोलले म्हणून थांबला. याला लोकशाही म्हणतात बाई.

शेंगदाणा
पॉपकॉर्न संपले. शेंगदाणे घेऊन बसलोय.

अबोली_एनसी
थोडं हलकं घेऊ या का? आमची नॉर्थ कॅरोलायनाची गंमत सांगते. इथे राज्याच्या बिगरसरकारी शाळा विभागाकडे नोटीस द्यावी लागते आणि त्यात शाळेचं नाव लिहावं लागतं. हो, स्वतःच्या घराचं, शाळा म्हणून! आम्ही सासूबाईंचं नाव दिलं. त्या स्वतः सातवी शिकलेल्या. आता त्यांचं नाव राज्याच्या नोंदीत विद्यालय म्हणून आहे आणि गावाकडे त्यांनी ते सगळ्यांना फोन करून सांगितलंय.

बाकी नियम: शिकवणारा निदान हायस्कूल पास हवा, वर्षातले नऊ महिने शाळा चालवायची, हजेरी आणि लसीकरणाची नोंद ठेवायची, वर्षातून एकदा प्रमाणित चाचणी घ्यायची. निकाल आपणच सांभाळायचा, पाठवायचा नाही. मला हे मधलं वाटतं. माझ्यावर कुणी संशय घेत नाही, पण मला वर्षाच्या शेवटी आरसा तरी बघावा लागतो.

उंटावरचा_शहाणा
न्यू जर्सीत ना नोटीस, ना चाचणी. पूल ओलांडून न्यूयॉर्कला गेलात की सगळंच. १ जुलैपर्यंत किंवा सुरू केल्यापासून १४ दिवसांत इरादापत्र, मग अभ्यासाचा सविस्तर आराखडा, दर तिमाहीला अहवाल, पहिली ते सहावी ९०० तास आणि सातवीपासून ९९० तास, वर्षाअखेर मूल्यमापन. चाचणीत ३३ पर्सेंटाइलच्या वर गुण हवेत किंवा वर्षभराची प्रगती दिसायला हवी, नाहीतर प्रोबेशन, म्हणजे शाळेच्या देखरेखीखाली. एवढं करूनही शाळेच्या टीममधून सामने खेळायला बंदी.

तरी मित्र तिथे मजेत होमस्कूल करतो. दर तिमाहीला रविवारी दुपारी अहवाल लिहितो. म्हणतो, ऑफिसच्या टाइमशीटपेक्षा बरं, इथे निदान केलेलंच लिहितो.

मोजपट्टी
@उंटावरचा_शहाणा :)
आणि वारं एकाच दिशेने वाहतंय असं नाही. ओहायोने २०२३ मध्ये वार्षिक मूल्यमापनाची अट काढून टाकली, आता फक्त कळवायचं. वायोमिंगने २०२५ मध्ये अभ्यासक्रम डिस्ट्रिक्टला (म्हणजे स्थानिक सरकारी शाळांच्या प्रशासनाला) सादर करण्याची अट काढली. एकीकडे इलिनॉय आवळायला बघतं, दुसरीकडे ही सैल करतायत.

लोकांचा रस वाढलाय हेही खरं. जनगणना विभागाच्या पाहणीत २०२० च्या वसंतात ५.४ टक्के घरांत कुणीतरी मूल होमस्कूल होत होतं, शरद ऋतूत तो आकडा ११.१ झाला. ऑनलाइन शाळा त्यात धरू नका, असं प्रश्नातच स्पष्ट केलं होतं. नंतर तो उतरला. पण तोवर ज्या आमदारांना हा विषय माहीतही नव्हता त्यांच्या मतदारसंघात असे पालक झाले होते.

गोदातीर
अवांतर, पण महत्त्वाचं. एच-४ वाल्यांनी (एच-१बी वाल्यांच्या जोडीदारांचा व्हिसा) लक्षात ठेवा. स्वतःच्या मुलांना घरी शिकवणं ही नोकरी नाही, त्याला वर्क परमिट लागत नाही. पण को-ऑपमध्ये (होमस्कूल पालकांनी मिळून चालवलेला गट) दुसऱ्यांच्या मुलांना पैसे घेऊन शिकवलंत तर ते काम झालं. ईएडी (तेच वर्क परमिट) नसेल तर करू नका. 'फक्त गॅसचे (गाडीच्या पेट्रोलचे) पैसे देतात' हे कारण इमिग्रेशनला चालत नाही.

आणि आपल्यापैकी कितीजणी होमस्कूलिंगला आवड म्हणून वळतात आणि कितीजणी घरीच बसायला लागलंय म्हणून, हाही प्रश्न आहे. मी दुसऱ्या गटातली. एम.एस्सी. करून मोडतोड झालेल्या सीव्हीचा उपयोग पोरांच्या रसायनशास्त्राला झाला. वाईट झालं असं म्हणत नाही, पण हे कुणी बोलत नाही म्हणून लिहिलं.

वरणफळ
गोदातीर, हे लिहिल्याबद्दल थँक्यू. खूप दिवस घशात अडकलं होतं.

चंबूगबाळे
@गोदातीर, मी तिसऱ्या गटातली. ईएडी आहे, नोकरी सोडली. घरच्यांना अजून पटलेलं नाही. दर व्हिडिओ कॉलला आई विचारते, "शाळेत कधी घालणार?"

बाराखडी
माझा प्रश्न भारतात परतायचा आहे. मुलगा अमेरिकेत होमस्कूल झाला, आता पुण्यात सातवीत घालायचं आहे. दाखल्याचं काय?

अबोली_एनसी
@बाराखडी, बहिणीने केलंय, तीही नॉर्थ कॅरोलायनातलीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात वयानुरूप वर्गात प्रवेशाची तरतूद आहे, पण खाजगी शाळेच्या ऑफिसात क्लार्कला ते कोण सांगणार? त्यांना शाळा सोडल्याचा दाखला हवा, आणि त्यावर शिक्का हवा. बहीण घरच्या शाळेची मुख्याध्यापिका होती, अगदी राज्याच्या कागदावर. तिने लेटरहेडवर दाखला छापला, ऑनलाइन रबरी शिक्का मागवला, निळ्या शाईत मारला, वर स्वतः सही केली, सोबत चाचणीचे निकाल आणि राज्याच्या पोचपत्राची प्रत. क्लार्कने शिक्का नखाने घासून बघितला आणि फाइल पुढे गेली. त्या पोचपत्राने काम झालं हं. काहीच नोंद नसलेल्या राज्यातून आली असती तर काय दाखवलं असतं?

कडकलक्ष्मी
हेच! हेच मी म्हणतेय. नोंद ही पालकांच्याच उपयोगी पडते.

तिरपा_कोन
नोंद ऐच्छिक ठेवा, मी उद्या भरतो. सक्ती आणि सोय यात फरक आहे.

ठिपक्यांची_रांगोळी
बालरोगतज्ज्ञ म्हणून दोन ओळी. मूल शाळेत जातं म्हणून त्याचे हाल होत नाहीत असं नाही, शाळेत जाणारीही आमच्याकडे येतात. पण त्यांच्याबाबतचा पहिला फोन पुष्कळदा शिक्षकांचा असतो. घरी शिकणाऱ्या मुलांना निदान वर्षातून एकदा डॉक्टरकडे न्या, एवढं मी सगळ्यांना सांगते. मुलाला शाळेतून काढलं त्याच सुमारास घरावर बालकल्याण खात्याची चौकशी चालू असेल, तर तिथे सरकारने थांबवून विचारलंच पाहिजे. सरसकट सगळ्यांचे पोर्टफोलिओ बघण्यापेक्षा तिथे माणूसबळ लावा.

तिरपा_कोन
@ठिपक्यांची_रांगोळी, हे असं लिहिलेलं विधेयक आणा, मी बाजूने स्लिप भरेन.

कडकलक्ष्मी
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

शेंगदाणा
आपल्या मुलांचं सोशलायझेशन कसं होतं हो? (दिवा घ्या, म्हणजे गंमत आहे, पळतोय.)

उंटावरचा_शहाणा
@शेंगदाणा, २००० सालचा राष्ट्रीय स्पेलिंग बीचा (स्पेलिंगच्या स्पर्धेचा) विजेता जॉर्ज थांपी होमस्कूलवाला होता, त्याच वर्षी भूगोलाच्या स्पर्धेत दुसरा आला. स्टेजवर माइकसमोर उभा राहून जगाशी बोलला. तुम्ही इथे टोपणनावाने शेंगा सोलताय.

मोजपट्टी
टेक्सासवाल्यांनी अजून एक गोष्ट बघावी. मे २०२५ मध्ये एसबी २ वर गव्हर्नरची सही झाली, एज्युकेशन सेव्हिंग्ज अकाउंटचा कायदा, म्हणजे मुलाच्या शिक्षणखर्चासाठी राज्य पैसे देणार. पहिल्या टप्प्यासाठी एक अब्ज डॉलर, सुरुवात २०२६-२७ पासून. होमस्कूलवाल्या मुलाला वर्षाला २,००० डॉलरपर्यंत. त्यावरून तिथल्या होमस्कूल पालकांतच दोन तट पडलेत. आज पैसे घ्याल तर उद्या हिशेब मागायला येतील, असं एक बाजू म्हणते. मला ती भीती रास्त वाटते, पण पुस्तकांचे भाव बघता मी घेतले असते.

चंबूगबाळे
आणि आम्ही नेमके तेव्हाच टेक्सास सोडतोय. नशीब!

कुणी पेन्सिल्व्हेनियाचं सांगेल का? धागा माझा आहे याची आठवण करून देते.

लाल_विटा
उशिरा आले, सॉरी. मी पिट्सबर्गच्या बाजूला, मुलगा आणि मुलगी दोघंही घरीच. तपशिलात लिहिते.

इथला कायदा १९८८ चा, अ‍ॅक्ट १६९. तुम्ही राज्यात आल्यावर शिकवायला सुरुवात करण्याआधी डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडंटकडे अ‍ॅफिडेविट द्यायचं, पुढे दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत. नोटरी करा किंवा शपथेविना घोषणापत्र द्या, दोन्ही चालतं. सोबत विषयवार उद्दिष्टं, लसीकरण आणि आरोग्य तपासणीचे पुरावे, घरातल्या प्रौढांवर ठरावीक गुन्ह्यांची शिक्षा नसल्याची कबुली, आणि तुमचा हायस्कूल किंवा समकक्ष शिक्षणाचा पुरावा. मी बारावीचं बोर्डाचं सर्टिफिकेट आणि डिग्रीची प्रत लावली. ऑफिसातल्या बाईंनी 'एचएससी' म्हणजे काय विचारलं, मी सांगितलं, पुढे काही झालं नाही. उद्दिष्टं एका पानात बसवा. काहीजण चाळीस पानं देतात आणि मग पुढच्या वर्षी डिस्ट्रिक्टला सगळ्यांकडून चाळीस पानांची अपेक्षा होते. तसं करू नका, आमच्या पोटावर पाय येतो.

वर्षाला १८० दिवस किंवा प्राथमिकला ९०० तास. विषयांच्या यादीत पेन्सिल्व्हेनियाचा इतिहास आहे आणि आगीचे धोके व प्रतिबंध हाही आहे. हो, दरवर्षी. (@तिरपा_कोन, तुमचा बंब इथे अभ्यासक्रमात शिरलाय.) आम्ही दर ऑक्टोबरला अलार्मच्या बॅटऱ्या बदलतो, घराचा नकाशा काढून बाहेर पडायच्या वाटा रंगवतो, ते पान पोर्टफोलिओत.

पोर्टफोलिओ म्हणजे बाऊ नाही. वाचलेल्या पुस्तकांची नोंद वाचतानाच करत जायची, मराठी पुस्तकंही लिहा. प्रत्येक विषयात वर्षाच्या सुरुवातीचं, मधलं, शेवटचं असे नमुने ठेवा. वर्षाअखेर इव्हॅल्यूएटर, म्हणजे प्रमाणित शिक्षक किंवा मानसशास्त्रज्ञ, मुलाशी बोलतो, पोर्टफोलिओ बघतो आणि योग्य शिक्षण चालू आहे असं पत्र देतो. ३० जूनपर्यंत फक्त ते पत्र डिस्ट्रिक्टला द्यायचं. २०१४ च्या दुरुस्तीआधी सुपरिंटेंडंटही पोर्टफोलिओ बघायचा, आता नाही. काही ऑफिसं अजून सवयीने मागतात. नम्रपणे पत्रच द्या.

तुमची मुलगी पाचवीत येईल बहुतेक? मग चाचणीचं वर्ष. तिसरी, पाचवी, आठवी. वाचन-भाषा आणि गणित. पास-नापास नाही, किमान गुण नाहीत, निकाल फक्त पोर्टफोलिओत जातो.

आणि सगळं रडगाणंच नाही. इथे होमस्कूलवाल्यांना डिस्ट्रिक्टच्या शाळेत खेळता येतं, बँडमध्ये जाता येतं. २०२२ च्या अ‍ॅक्ट ५५ नंतर दिवसाच्या पाव भागापर्यंत शाळेतले तासही घेता येतात. आमचा मुलगा दुपारी ऑर्केस्ट्राला जातो. टेक्सासपेक्षा कागद जास्त, पण शाळेचं दारही जास्त उघडं आहे.

कडकलक्ष्मी
@लाल_विटा, असा पालक माझ्या शाळेच्या ऑर्केस्ट्रात आला तर मी खुर्ची झाडून देईन.

चंबूगबाळे
@लाल_विटा, कुठे होतात इतका वेळ! प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय. कागदांबद्दलचं माझं मत फारसं बदललं नाही, पण पाव दिवसाचं कळल्यावर नवरा म्हणतोय की फिलीला जायची घाई कर. मुलगी व्हायोलिन शिकते, म्हणून.

अजून दोन विचारते. इव्हॅल्यूएटर कसा शोधायचा? आणि पाचवीची चाचणी मीच घरी घेतली तर चालते का?

लाल_विटा
तुम्ही किंवा नवऱ्याने घेतलेली चालत नाही. बाकी कुणी शहाणं माणूस घेऊ शकतं. आम्ही को-ऑपमधल्या मैत्रिणीशी अदलाबदल करतो, मी तिच्या मुलांची घेते, ती माझ्या. इव्हॅल्यूएटर आधी फोनवर बोलून ठरवा, मे महिन्यात सगळे गच्च असतात. मानधन आधीच विचारा. आमच्या बाई सेवानिवृत्त शिक्षिका आहेत, विपु (निरोप) करते.